हाल

शारजाहून खोरफक्कानला जाणारा रस्ता एका बोगद्यातून बाहेर पडतो आणि थोड्याच वेळात दुसऱ्यात शिरतो. मधल्या उघड्या पट्ट्यांत दोन्ही बाजूंना तपकिरी, भेगाळलेले डोंगर उभे असतात आणि त्यांच्या अंगावर गवताची काडीही नसते. माझे गाव माण तालुक्यातले, त्यामुळे उघड्या डोंगरांचे मला अप्रूप नाही. तरीही त्या रस्त्याने जाताना मी खिडकीला नाक लावून बसत असे. नोकरीच्या कामासाठी दर गुरुवारी ही फेरी ठरलेली होती. जानेवारी २०२२ मधल्या एका गुरुवारी नेहमीचा केरळी चालक सुट्टीवर गेला आणि त्याच्या जागी साठीच्या आसपासचे, छातीवर पांढरी दाढी रुळणारे एक गृहस्थ आले. मी गाडीत बसलो, त्यांनी आरशातून पाहिले आणि उर्दूत म्हणाले, "सलाम साहेब. हाल द्या." मी म्हणालो, "ठीक आहे, चाचा." ते थोडा वेळ तसेच थांबले, मी आणखी काही बोलेन अशी वाट पाहत असावेत, मग त्यांनी गाडी चालू केली.

माझे लक्ष त्या वेळी मोबाइलमध्ये होते. दर वर्षी चौदा जानेवारीच्या आगेमागे आमच्या घरच्या ग्रुपवर काका एक मजकूर पाठवतात. पानिपतच्या युद्धकैद्यांचे वंशज आजही बलुचिस्तानात राहतात, ते स्वतःला मराठे म्हणवतात, आपल्या मातीच्या आठवणीने त्यांचे डोळे पाणावतात, असा तो मजकूर असतो. शेवटी भगवा झेंडा आणि दोन जोडलेले हात. तो वाचता वाचता सहज विचारायचे म्हणून मी चाचांना गाव विचारले. "बलुचिस्तान. जिल्हा डेरा बुगती." मी जागेवरून उठायचाच बाकी राहिलो. हातातल्या मोबाइलवर तेच नाव होते. मी घाईघाईने विचारले, "तुमच्याकडे मराठे राहतात ना? तुम्ही त्यांच्यापैकी का?" तेवढ्यात बोगदा आला. तो पूर्ण संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. पलीकडच्या उन्हात गाडी आल्यावर म्हणाले, "नाही साहेब. मी बुगती. ते आमचे मरहट्टे." आणि थोड्या वेळाने, "गरीब लोक आहेत." त्यानंतर खोरफक्कानचा समुद्र दिसेपर्यंत गाडीत फक्त वातानुकूलन यंत्राचा आवाज होता.

त्या 'आमचे' या शब्दाने मला पुढे बरेच दिवस छळले.

मराठी घरात पानिपत शिकवावे लागत नाही, ते बोलण्यातूनच अंगात मुरते. दहावीत गणितात नापास झालो तेव्हा वडील 'पानिपत झाले' म्हणाले होते, आणि कुणी उधारी बुडवली की आजी म्हणायची, "विश्वास गेला पानिपतात." मला त्या सगळ्यात सर्वांत जास्त बोचते ते पेशव्यांना मिळालेले सावकारी पत्र. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये, खुर्दा किती गेला याची गणती नाही. दोन मोती कोण, हे शाळकरी पोर सांगते. मोहरांचीही नावे बखरींतून सापडतात. खुर्द्याला मात्र नाव नाही. बाजारबुणगे, पाणके, घोड्यांचे चाकर, यात्रेच्या लोभाने उत्तरेला निघालेल्या बाया, तंबू ठोकणारे, लोहार. मेले ते मेले आणि जे जिवंत हाती लागले त्यांचे अफगाण फौजेने काय केले याचा हिशेब पुण्याच्या दप्तरात असण्याचे कारणच नव्हते. काकांचा तो मजकूर मला इतका का भिडत असे, त्याचे कारण हेच असावे. खुर्दा सापडला, असे वाटायचे.

परंपरा अशी सांगते की बलुचिस्तानातल्या कलातचा खान नसीर खान हा अहमदशहा अब्दालीच्या बाजूचा होता आणि १७६१ च्या विजयानंतर त्याच्या वाट्याला आलेले मराठे कैदी त्याने आपल्या मुलखातल्या टोळ्यांमध्ये वाटून टाकले. बुगती, मर्री आणि आसपासच्या टोळ्यांत मरहट्टा किंवा मरेटा म्हणवणारी घराणी आहेत, ही गोष्ट खरी. पण आमच्या मजकुरात एक गोष्ट कधीच नसते. कैदी वाटले म्हणजे काय केले? गेल्या शतकात त्या डोंगरांत राहून आलेल्या परदेशी प्रवाशांच्या वर्णनांत ही माणसे टोळीच्या उतरंडीत अगदी तळाशी दिसतात. दुसऱ्याच्या घरचे पाणी भरणारी, दुसऱ्याची मेंढरे राखणारी, लोकर विणणारी. ज्या शब्दाने आपल्या छातीवर मूठभर मांस चढते, तो शब्द तिथे कित्येक पिढ्या गुलामाचे दुसरे नाव होता. चाचांच्या 'आमचे'मध्ये माया होती की मालकी, हे मला त्या दिवशी कळले नाही. पुढे त्यांची ओळख वाढल्यावर लक्षात आले की दोन्ही होते, आणि ते वेगळे करणे त्यांनाही जमत नव्हते. नंतर एकदा आपणहून म्हणाले, "आता त्यांची मुले शिकली साहेब. आम्ही बंदुका साफ करत बसलो, ते शाळेत गेले. सुई गावच्या कचेऱ्यांत खुर्च्यांवर बसलेत." हे सांगताना त्यांच्या आवाजात जो किंचित हेवा होता तो ऐकून मला उगाच बरे वाटले. बरे वाटून घ्यायचा माझा काय संबंध, हा प्रश्नही लगेच पडला.

दुसऱ्या की तिसऱ्या गुरुवारी मला 'हाल'चा उलगडा झाला. बलोच माणसे रस्त्यात भेटली किंवा कुणाच्या घरी पाहुणा टेकला, की आधी हाल देणे-घेणे होते. त्याला रीत आहे. पाण्याचा पेला पुढे येतो, मग यजमान म्हणतो, हाल दे. आणि पाहुण्याने कुठून निघालो, वाटेत कोण भेटले, कुठे पाऊस पडला, चारा कसा आहे, कुणाच्या घरी मूल झाले, कोण वारले, कुणाचे कुणाशी बिनसले, बाजारात बकऱ्याला काय भाव आहे, हे सगळे क्रमाने सांगायचे असते. मध्ये तोडायचे नाही. ते संपले की यजमानाने आपला हाल द्यायचा. ज्या डोंगरांत वर्तमानपत्र पोचत नव्हते तिथे बातमी अशी माणसागणिक चालत जात असे, आणि खोटा हाल देणाऱ्याची पत जात असे. मराठीत 'हाल' या शब्दाचा अर्थ कसा घसरत गेला पाहा. आपल्याकडे हालहवाल पुसणे जुन्या पत्रांत उरले आणि रोजच्या बोलण्यात हाल फक्त होतात. कुत्रा खात नाही असे होतात. चाचांनी त्या पहिल्या दिवशी मला रीतीप्रमाणे विचारले होते. मी 'ठीक आहे' एवढे दोन शब्द फेकून थेट त्यांची जात विचारली होती. त्यांनी मला असंस्कृत मानले असेल तर त्यात त्यांची चूक नव्हती.

मग मी शिकलो. गुरुवारी गाडीत बसले की मी हाल द्यायचो, नंतर ते द्यायचे, आणि त्या हालांतून तो जिल्हा माझ्यासमोर हळूहळू उभा राहिला. सुलेमान पर्वताची रांग दक्षिणेकडे उतरत येऊन जिथे मैदानाला भिडते, तिथे तो आहे. एका अंगाला पंजाब, दुसऱ्या अंगाला सिंध, आणि दहा हजार चौरस किलोमीटरांहून थोड्या अधिक जागेत २०१७ च्या जनगणनेत जेमतेम ३ लाखांवर माणसे. पूर्वी तो सिबीचा भाग होता, १९८३ मध्ये वेगळा जिल्हा झाला. नकाशावर बोट ठेवले तर सिंधू नदी फार लांब वाटत नाही, पण तिचे पाणी ह्या डोंगरांना चढत नाही. ओढे पावसात दोन दिवस वेड्यासारखे धावतात आणि मग वर्षभर त्यांच्या पात्रात गोटे आणि वाळू. खडक चुनखडीचे, मातीचे, कुठे तांबूस वालुकाश्माचे. दऱ्यांतून पीश नावाचे खुजे ताडासारखे झुडूप वाढते; त्याच्या पानांच्या दोऱ्या होतात, चटया होतात, आणि डोंगर चढायला घालतात त्या 'सवास' नावाच्या वहाणाही. चाचा म्हणाले की नव्या सवासने पहिले दोन दिवस पाय सोलवटतात, तिसऱ्या दिवसापासून दगडच मऊ लागतो. हिवाळ्यात कळप घेऊन माणसे खाली, बलुचिस्तानातल्याच कच्छीच्या मैदानाकडे उतरायची. आमच्याकडचे मेंढके दिवाळीनंतर बिऱ्हाड घोड्यावर टाकून घाटाकडे निघतात, तसे. हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी आमच्या मेंढ्यांचा रंग, कानांची लांबी आणि लोकर किती वेळा कातरतात हे विचारले. कान किती लांब, ते मला सांगता आले नाही.

त्या डोंगरांचे पोट मात्र भरलेले आहे. १९५२ मध्ये सुई गावाजवळ जमिनीखाली नैसर्गिक वायू सापडला आणि १९५५ पासून तो नळाने कराचीला जाऊ लागला. आज पाकिस्तानात स्वयंपाकाच्या वायूला लोक सरसकट 'सुई गॅस'च म्हणतात. लाहोरची गृहिणी सकाळी शेगडीचा कान पिळते तेव्हा तिच्या तोंडी ह्या जिल्ह्यातल्या एका गावाचे नाव असते, आणि ते गाव आहे हे तिला ठाऊक असेलच असे नाही. चाचांची आई मात्र आयुष्यभर काटक्या गोळा करत राहिली. जिल्ह्याच्या मोठ्या भागात आजही चूल लाकडावरच पेटते. सुईप्रमाणेच लोटी, उच, पीर कोह ही वायूची आणखी क्षेत्रे. २०२२ च्या मे महिन्यात एका गुरुवारी चाचांनी हाल दिला तो पीर कोहचा होता. तिथे पटकी पसरली होती. तळ्यात साठलेले पाणीच माणसे पीत होती आणि तेच गुरे पीत होती. ते पाणी बाधले, हजारो माणसे आजारी पडली, कित्येक दगावली. चाचांची एक भाची दोन दिवस दवाखान्याच्या ओट्यावर सलाईन लावून पडली होती, सलाईनची बाटली तिच्या नवऱ्याने हातात उंच धरली होती. हे त्यांनी अगदी सपाट आवाजात, रीतीप्रमाणे, पावसाच्या आणि भावांच्या मध्ये सांगितले. आमच्या माणमध्ये टँकरमागे धावणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहिल्या आहेत, त्यामुळे पाण्याचे दुःख मला नवे नव्हते. पण ज्या गावाखालून वायू उपसून शेकडो किलोमीटर लांब नेता येतो, त्या गावात पिण्याच्या पाण्याची एक नळी आणता येत नाही, हे ऐकून मला जो संताप आला तसा चाचांना आलेला दिसला नाही. त्यांचा राग जुना होऊन त्याची सवय झाली होती.

ह्याच मातीने आणखी एक गोष्ट बाहेर काढली आहे आणि ती मला फार आवडते. १९०८ च्या सुमारास गाय पिलग्रिम आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत क्लाइव्ह फॉर्स्टर-कूपर ह्या अभ्यासकांनी बुगतींच्या डोंगरांतून प्रचंड हाडे गोळा केली. ती एका शिंग नसलेल्या गेंड्याची होती. खांद्यापाशी तो साडेचार मीटरांहून उंच असावा, म्हणजे आमच्या वाड्याच्या माडीच्या खिडकीतून त्याने सहज मान आत घातली असती. जमिनीवर राहून गेलेल्या सर्वांत मोठ्या सस्तन प्राण्यांत त्याची गणना होते, आणि त्याच्या शास्त्रीय नावात आजही 'बुगटिएन्से' असा ह्या टोळीचा उल्लेख आहे. त्याचे पूर्वीचे नाव बलुचिथेरियम, बलुचिस्तानचे जनावर. हा प्राणी झाडांचे शेंडे खाऊन जगत असे; म्हणजे अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी जिथे त्याला पोटभर झाडे मिळत होती तिथेच आज चाचांच्या आईला चुलीपुरत्या काटक्या मिळत नाहीत. मी मोबाइलवर त्याचे काल्पनिक चित्र दाखवले. चाचांनी गाडी बाजूला घेतली, चष्मा लावला, बराच वेळ पाहिले आणि विचारले, "ह्याला पाणी किती लागत असेल?"

काकांच्या मजकुरात असेही असते की तिकडचे मराठे अजून आईला 'आई' म्हणतात. मी चाचांना विचारले. त्यांनी कधी ऐकले नव्हते. बलोचीत आईला मात किंवा मास म्हणतात, आणि बुगतींच्या पूर्वेकडच्या बोलीत 'मात'चा शेवट किंचित हवेत विरतो, 'माथ' होतो. माझा चेहरा पडलेला त्यांना दिसला असावा, कारण मग त्यांनी मला बलोची शिकवायला घेतली. यक, दो, सै, चार, पंच. हात म्हणजे दस्त, घोडा म्हणजे अस्प, आणि पाणी म्हणजे आप, त्यांच्या बोलीत आफ. त्यांच्या डोंगरात एका दरीचे नावच सियाह आफ, काळे पाणी. मी 'आप' ऐकले आणि मला संध्येच्या वेळी आमच्या शेजारचे भटजी पळीतून पाणी सोडत 'आपो हि ष्ठा' म्हणायचे ते आठवले. बलोची ही इराणी कुळातली भाषा, मराठी भारतीय कुळातली. दोघींची खापरपणजी एक. काकांना हवे असलेले नाते अडीचशे वर्षांपूर्वीचे आणि रक्ताचे होते. हे मिळालेले नाते काही हजार वर्षांपूर्वीचे, त्यात ना विजय ना पराभव, नुसता पाण्याचा शब्द. ग्रुपवर मी ते लिहिले तेव्हा एका चुलतभावाने अंगठा दाखवला आणि काकांनी विचारले, "पण त्यांना शिवाजी महाराज माहीत आहेत का?"

खरे म्हणजे ह्या डोंगरांशी आपल्या माणसांची पानिपतनंतरही एक गाठ पडली आहे, आणि तिची कागदोपत्री नोंद पक्की आहे, पण ती कुणी ग्रुपवर पाठवत नाही. डेरा बुगतीला लागूनच मर्रींचा मुलूख, आजचा कोहलू जिल्हा. त्यात कहान नावाचे एक मातीच्या तटाचे गाव. १८४० च्या मे महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या पाचव्या मुंबई पलटणीचे सुमारे तीनशे शिपाई कॅप्टन लुईस ब्राउनच्या हाताखाली त्या तटात शिरले आणि अडकले. हीच पलटण आज मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन आहे आणि आपल्याकडे फौजी घरांत तिला 'काळी पाचवी' म्हणतात. मर्रींनी वेढा घातला. सुटकेसाठी आलेली फौज ३१ ऑगस्टला नफुस्कच्या खिंडीत मार खाऊन आणि तहानेने कासावीस होऊन मागे फिरली. अखेर सप्टेंबरच्या शेवटी मर्री सरदार दोदा खानाशी बोलणी झाली. कहान परत द्यायचे आणि त्याने ह्यांना सुखरूप मैदानापर्यंत जाऊ द्यायचे. दोदा खानाने शब्द पाळला. तटातून बाहेर पडलेली ती अर्धमेली, अंगावर जखमा चिघळलेली माणसे त्याच खिंडीतून, आपल्याच लोकांच्या उघड्यावर पडलेल्या प्रेतांजवळून चालत गेली आणि मर्रींनी त्यांच्यावर गोळी झाडली नाही. पलटणीला 'कहान' हे मानचिन्ह मिळाले. मी हे चाचांना सांगितले तेव्हा ते खूश झाले, कारण त्यांच्या मते बुगती आणि मर्री एकमेकांशी कितीही भांडोत, दिलेला शब्द ही त्या सगळ्या डोंगराची सामाईक मालमत्ता आहे. मला मात्र दुसऱ्याच एका गोष्टीने पकडले होते. १७६१ मध्ये त्या मुलखात दोरीने बांधून नेलेल्यांची तिसरी-चौथी पिढी १८४० मध्ये जवळच्याच डोंगरात मेंढरे राखत असणार, आणि तटाच्या आत कोकण-देशावरचे शिपाई तहानेने तळमळत असणार. एकमेकांची भाषा त्यांना कळली असती का?

सगळेच त्या रीतीभातींत गोड होते असे नाही. चाचांच्या एका चुलत्यावर चोरीचा आळ आला होता तेव्हा त्याला निखाऱ्यांवरून चालावे लागले होते. चर खणून त्यात लाकडे जाळतात, लाल निखारे पसरतात आणि आरोपीने त्यावरून सात पावले चालायचे. तळव्यांना भाजल्याची खूण दिसली की गुन्हा शाबीत. चुलता निर्दोष सुटला, हे चाचा अभिमानाने सांगत. मी विचारले, आणि कातडी नाजूक असलेला निर्दोष माणूस असेल तर? त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "डोंगरात नाजूक कातडीचा माणूस नसतो." टोळीची रचना सांगताना त्यांनी शाखा मोजल्या: रहेजा, मसोरी, कलपर, मुंद्राणी, नोथाणी, शंबाणी. रहेजा ही सरदारांची शाखा. मुंबईकराला त्या नावाने वेगळेच काही आठवेल. कलपर आणि रहेजा यांच्या वैरात चाचांच्या मामाचा जीव गेला होता. कुठल्या वर्षी, हे त्यांना आठवत नव्हते. त्या वर्षी टोळ आले होते, एवढे आठवत होते.

ते स्वतः गाव सोडून निघाले त्या वर्षाची तारीख मात्र त्यांना पाठ होती. १७ मार्च २००५ ला डेरा बुगती शहरात फौज आणि सरदारांची माणसे यांच्यात चकमक पेटली, तोफगोळे पडले. टोळीचे सरदार नवाब अकबर खान बुगती यांच्या वाड्याला लागून हिंदूंची वस्ती होती. पिढ्यान्‌पिढ्या टोळीच्या आश्रयाला राहिलेले, दुकाने चालवणारे, घरातही बलोचीच बोलणारे हिंदू. त्यांच्या बायका-मुलांसह कित्येक जण त्या दिवशी मारले गेले. पुढच्या काही महिन्यांत शहर ओस पडले, हजारो कुटुंबे सिंध-पंजाबच्या मैदानात उतरली. २६ ऑगस्ट २००६ ला नवाब कोहलूच्या डोंगरांत मारले गेले आणि शवपेटी कुलूपबंद ठेवूनच त्यांना डेरा बुगतीत पुरण्यात आले. चाचा त्या वेळी सिंधमध्ये काश्मोरजवळ एका भाताच्या गिरणीत हमाली करत होते. नवाबांविषयी ते चांगले-वाईट काहीच बोलले नाहीत. वस्तीतल्या एका किराणा दुकानदाराविषयी मात्र बोलले. तो उधारीच्या वहीत चाचांच्या वडिलांच्या नावापुढे आकडा लिहायचा आणि दर ईदेला त्यातली एक ओळ आपणहून खोडायचा. "वही जळाली असेल साहेब. आमचे अजून देणे होते."

हिवाळ्यात एका शुक्रवारी चाचांनी मला डोंगरातल्या एका कोरड्या ओढ्यात जेवायला नेले. ते राहत त्या पोर्शनमध्ये, म्हणजे अनेकांनी वाटून घेतलेल्या भाड्याच्या जागेत, माणसांची दाटी, तिथे चूल मांडता येत नाही, म्हणून महिन्यातून एकदा ते आणि त्यांचे दोन गाववाले बाहेर येत. एकाने बाभळीची लाकडे पेटवली. दुसऱ्याने मुठीएवढे गोल गुळगुळीत गोटे निवडून आगीत टाकले. कणीक घट्ट मळलेली होती, आमच्या बाटीसारखी. गोटा तापला की तो चिमट्याने उचलून त्याच्याभोवती कणकेची जाड पोळी लपेटायची, तोंड चिमटीने बंद करायचे आणि तो गोळा निखाऱ्यांच्या कडेला फिरवत ठेवायचा. आत दगडाची धग, बाहेर निखाऱ्याची. ह्याला काक म्हणतात. भाजलेल्या कणकेचा वास आला तेव्हा मला पहिल्यांदा त्या देशात घरची आठवण झाली. काक फोडताना आतला गोटा टणकन खाली पडतो, आणि त्या पोकळीतली वाफ बोटांना चटका देते. बाहेरचे कवच इतके कडक की माझ्या दाढेने तक्रार केली. मांस आगीभोवती काठ्यांवर उभे केलेले होते, फक्त मीठ लावलेले. जेवण झाल्यावर त्यातल्या एकाने लांब बासरी काढली, तिला ते नड म्हणतात, आणि फुंकता फुंकता घशातून एक सलग घुमारा धरला. दुसरा त्यावर सांगू लागला. गाणे म्हणावे तर सूर जागचा हलत नव्हता, बोलणे म्हणावे तर श्वास तुटत नव्हता. मी अर्थ विचारला. चाचा म्हणाले, "हालच आहे साहेब. जुना आहे एवढेच." त्या घुमाऱ्यात बसून मी त्यांच्या खिशातून डोकावणाऱ्या तंबाखूच्या कापडी बटव्याकडे पाहत होतो. त्यावर लाल आणि नारिंगी दोऱ्याचे इतके बारीक भरतकाम होते की कापड दिसतच नव्हते. त्याला ते दोच म्हणतात. बायकोने भरले होते, पाच वर्षांपूर्वी. एका कोपऱ्यात तीन टाके निसटले होते आणि ते त्यांनी कुणालाही शिवू दिले नव्हते.

जून २०२३ मध्ये माझा तिथला करार संपत आला. तोपर्यंत मी काकांना त्यांना हवे असलेले काहीही कळवू शकलो नव्हतो. शेवटच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा विचारले, "अरे, तुझे ते बलोच चालक आपल्याविषयी काय म्हणतात?" मी बराच वेळ मोबाइल हातात धरून बसलो आणि मग लिहिले, "ते विचारतात, तुमच्याकडे पाऊस कसा आहे?" हे खोटे नव्हते, चाचा ते दर गुरुवारी विचारत. दोन तास उत्तर आले नाही. मग काकांचा भला मोठा आवाजी निरोप आला, सहा मिनिटांचा. पाऊस नाही, मृग कोरडा गेला. टेकडीच्या विहिरीला हातभरच पाणी राहिले आहे, टँकर एक दिवसाआड येतो. तात्या लोहार गेला, झोपेतच गेला, सुटला. म्हैस व्यायली, रेडकू झाले, रेडी झाली असती तर बरे झाले असते. शेळीला म्हसवडच्या बाजारात भाव नाही, बकऱ्याला बरा आहे. आत्याचा गुडघा सुजला आहे, ती दवाखान्यात जायला ऐकत नाही, लिंबाचा पाला बांधून बसते.

शेवटच्या गुरुवारी तिसऱ्या बोगद्याच्या अलीकडे मी चाचांना तो निरोप ऐकवला आणि वाक्यावाक्याला थांबवून उर्दूत सांगत गेलो. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. तात्या लोहाराशी आले तेव्हा त्यांनी एक हात चक्रावरून उचलून तोंडावरून फिरवला. सगळे संपल्यावर म्हणाले, "खैर." बोगदा सुरू झाला, संपला. बाहेरच्या उन्हात डोळे बारीक करत त्यांनी आरशात माझ्याकडे पाहिले.

"तुमच्या आत्याला सांगा, पाला नुसता बांधू नका, आधी तव्यावर गरम करा."